मराठीत टाकलं की एरर येतो म्हणे! मग तो दुरुस्त कोण करणार?

"मराठीत टाकलं की एरर येतो, इंग्रजीत टाका."

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. सेतू केंद्रात, शाळेच्या ऑफिसात, बँकेत, ग्रामपंचायतीत. आणि ऐकून आपण मान डोलावतो. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काय कळतंय? समोरचा खुर्चीवर बसलाय, तो म्हणतोय तर खरंच असेल.

खरं नाही मित्रांनो. ही थाप आहे. कॉम्प्युटरला मराठी गेली तीस-पस्तीस वर्षं येते. येत नसेल तर ती आपल्यासाठी फॉर्म बनवणाऱ्यांना येत नाही, आणि ते फॉर्म पास करून बिलं काढणाऱ्यांना त्याचं काही देणंघेणं नाही. आज हेच जरा उलगडून सांगतो. मी प्रोग्रामर नाही, पत्रकार आहे. पण ज्यांना हे काम येतं त्यांच्याशेजारी बसून, प्रत्यक्ष चालवून बघून समजून घेतलंय. पोस्ट लांब आहे. पण नाव तुमचं आहे, सातबारा तुमचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

विषय कुठून निघाला ते आधी.

एका सरकारी ऑफिसात (नाव घेत नाही, कारण हा काही एकाच ऑफिसचा रोग नाही) अर्जदारांची यादी पोर्टलवर भरायचं काम आलं. यादी एक्सेलमध्ये तयार होती, शुद्ध मराठीत, युनिकोडमध्ये. पण पोर्टलवर फाइल अपलोड करायची सोयच नाही. एकेक नाव, एकेक पत्ता, एकेक गट नंबर हाताने टाइप करायचा. कॉपी-पेस्ट बंद करून ठेवलेलं. मुदत दोन दिवस. ऑपरेटर कंत्राटी, शिकलेला पोरगा, पगार वेळेवर होईल याची खात्री नाही. त्याने काय केलं? पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामने एक्सेलमधून नाव वाचायचं आणि माणसासारखंच कीबोर्डची बटणं दाबल्याचं सोंग घेऊन ते फॉर्ममध्ये टाइप करायचं. रात्रभर मशीन चालू ठेवून पोरगा घरी गेला.

सकाळी बघतो तर सगळ्या नोंदी सेव्ह झालेल्या. आणि नावाच्या रकान्यात काहीच नाही. पत्त्याच्या रकान्यात नुसती टिंबं आणि स्वल्पविराम. "मु. पो." मधलं मु गेलं, पो गेलं, दोन टिंबं राहिली. गट नंबर इंग्रजी आकड्यात होता, तेवढा शिल्लक राहिला. माणूस गेला, गाव गेलं, टिंब राहिलं!

मग बोलणी कुणाला बसली? पोराला. आणि दोष कुणाला दिला? मराठीला. "मराठी फॉन्ट सपोर्ट करत नाही" असं ठरवून सगळी यादी इंग्रजीतून पुन्हा भरली. पोर्टलने त्या इंग्रजी नावांचं आपोआप मराठी केलं. काळे होते ते काले झाले. माळी होते ते माली झाले. कुऱ्हाडे होते ते कुर्हाडे झाले. आता हीच माणसं नाव दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र करतायत, झेरॉक्स काढतायत, दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे मारतायत.

आता बघू मराठीचा यात कितपत दोष आहे ते.

पहिली गोष्ट. कळ वेगळी आणि अक्षर वेगळं.

कीबोर्डवरचं बटण दाबलं की कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, फक्त "अमुक नंबरचं बटण दाबलं" एवढंच कळतं. त्या बटणाचं अक्षर कोणतं, हे आत निवडलेला कीबोर्ड लेआउट ठरवतो. इंग्रजी लेआउट असेल तर एन लिहिलेल्या बटणाने एन उमटतो. तेच बटण इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये दाबलं तर ल उमटतो आणि शिफ्टसकट दाबलं तर ळ. बटण तेच, अक्षर बदललं. हा इनस्क्रिप्ट काही परदेशातून आलेला नाही. आपल्याच केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो ठरवला. म्हणजे आज जे ऑपरेटर नोकरीवर आहेत त्यातले कित्येक जण तेव्हा जन्मले पण नव्हते.

अक्षराची गोष्ट निराळी. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देण्याचं काम युनिकोडने केलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी त्यात पहिल्या दिवसापासून आहे. देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा दिलेला आहे. आपल्या ळ चा क्रमांक २३५५. तो अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर २३५५, जपानमधल्या कॉम्प्युटरवर २३५५ आणि आपल्या तहसीलमधल्या धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवर पण २३५५.

म्हणजे ळ ला साध्या इंग्रजी कीबोर्डवर स्वतःचं बटण नाही, पण क्रमांक आहे. सगळा घोळ इथेच आहे. ज्याने प्रोग्राम किंवा फॉर्म बनवताना फक्त बटणांचा विचार केला, त्याच्यासाठी मराठी अस्तित्वातच नाही. ज्याने क्रमांकाचा विचार केला, त्याच्यासाठी मराठी आणि इंग्रजीत काडीचा फरक नाही.

दुसरी गोष्ट. त्या पोराची नावं गेली कुठं?

त्याने पायथनमधली पाय-ऑटो-गुई नावाची लायब्ररी वापरली होती. चांगली लायब्ररी आहे, फुकट आहे, अल स्वायगार्ट नावाच्या लेखकाने ती बनवली. त्याचं "ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन" हे पुस्तक जगभरातली पोरं वाचतात. पण या लायब्ररीचं टाइपिंग बटणांवर चालतं. तिच्याकडे एक तक्ता आहे, कोणत्या अक्षरासाठी कोणतं बटण दाबायचं त्याचा. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब, स्वल्पविराम, स्पेस एवढंच आहे. क आला, तक्त्यात बघितलं, बटण नाही, पुढे चला. ळ आला, बटण नाही, पुढे चला. थांबत नाही, ओरडत नाही, लाल अक्षरात काही दाखवत नाही. गुपचूप गाळून टाकते.

आणि पोर्टलने ते घेतलं कसं? तर नाव आणि आडनावाच्या मध्ये जी स्पेस असते, ती इमानेइतबारे टाइप झाली होती. पोर्टल फक्त एवढंच तपासतं की रकाना रिकामा नाही ना. स्पेस आहे म्हणजे रिकामा नाही. घ्या सेव्ह करून! एका शेतकऱ्याचं नाव एक मोकळी जागा आहे, हे सरकारी यंत्रणेला बिनदिक्कत चाललं. पण मराठी मात्र तिला चालत नाही.

पोराचं चुकलं म्हणाल, तर एवढंच की दोन ओळींवर आधी चालवून बघायला हवं होतं. पण रात्रीतून शेकडो नावं टाइप करायची वेळ त्याच्यावर आणली कोणी?

तिसरी गोष्ट. उपाय आहेत का? आहेत. एक नाही, चार आहेत.

एक, क्लिपबोर्ड. प्रोग्रामने नाव टाइप न करता कॉपी करायचं आणि कंट्रोल-व्ही दाबून चिकटवायचं. पायपरक्लिप नावाची लायब्ररी हे काम एका ओळीत करते. कंट्रोल आणि व्ही ही दोन्ही बटणं कीबोर्डवर आहेतच, त्यामुळे ळ ला बटण असण्या-नसण्याचा प्रश्नच मिटतो. सगळ्यात सोपा आणि भरवशाचा उपाय हाच. पण पोर्टलने पेस्ट बंद केलं की हाच पहिला मरतो.

दोन, विंडोजला सरळ क्रमांक सांगायचा. विंडोजमध्ये सेंड-इनपुट नावाची सोय आहे. तिला युनिकोडचा पर्याय देऊन बटणाच्या जागी २३५५ हा क्रमांक दिला की समोरच्या खिडकीत ळ उमटतो. कीबोर्ड इंग्रजीत असू द्या नाहीतर जर्मनमध्ये. ही सोय विंडोज २००० पासून आहे. पायथनमधली पायनपुट ही लायब्ररी विंडोजवर आतून हेच करते. म्हणजे त्या पोराने लायब्ररी बदलली असती आणि दोन ओळी बदलल्या असत्या, तर नावं उमटली असती.

तीन, लेआउट बदलून बटण दाबायचं. इनस्क्रिप्ट चालू करायचा आणि प्रोग्रामने शिफ्टसकट एन दाबायचा. चालतं, पण तकलादू आहे. मध्येच कुणी लेआउट बदलला की ळ च्या जागी कॅपिटल एन. ज्याला खात्रीचं काम हवं त्याने या वाटेला जाऊ नये.

चार, ब्राउझर चालवणाऱ्या साधनातून थेट रकान्यात मजकूर भरायचा. सेलेनियम नावाचं साधन जगभर वापरतात. त्यात देवनागरी नीट उमटते. अडतं ते मोडीला. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण तिचे क्रमांक वरच्या पट्ट्यात आहेत, तिथे एका अक्षराला दोन तुकड्यांत पाठवावं लागतं. क्रोमचा ड्रायव्हर अशा अक्षरांना सरळ नाही म्हणतो. इमोजींची पण तीच गत. जुने मोडी दस्त मोडीतच टाइप करून ठेवायची वेळ येईल तेव्हा हे आठवा.

तर मंडळी, मुद्दा साधा आहे. मराठी अक्षर प्रोग्रामने टाइप करणं हा काही संशोधनाचा विषय राहिलेला नाही. पायथन तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, त्यातला सगळा मजकूर मुळातच युनिकोड आहे. डिप्लोमाचं पोरगं अर्ध्या दिवसात शिकेल एवढी ही गोष्ट आहे. मग अडलंय कुठं?

अडलंय ते फॉर्म बनवणाऱ्यांकडे. चार पापं सांगतो. चारही तुम्ही स्वतः तपासून बघू शकता.

पहिलं पाप, पेस्ट बंद करणं. कारण काय सांगतात? सुरक्षा! अहो, पासवर्डच्या रकान्यात सुद्धा पेस्ट बंद करू नका, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ सालीच जाहीर लिहिलंय. आणि तुम्ही शेतकऱ्याच्या आडनावाला पेस्ट बंद करताय? त्यात कसली सुरक्षा? उलट, पेस्ट केलेलं नाव जसंच्या तसं येतं. हाताने चौथ्यांदा टाइप केलेल्या नावात चूक होण्याची शक्यता जास्त असते.

दुसरं पाप, अक्षराऐवजी बटण तपासणं. कित्येक फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यात फक्त ६५ ते ९० आणि ९७ ते १२२ एवढेच क्रमांक चालतात. ही इंग्रजीची मोठी आणि छोटी लिपी. बाकी सगळं कचरा म्हणून बाहेर. तुमच्या मोबाइलवरून मराठी कीबोर्डने टाइप केलं, तर क्रोम ब्राउझर त्या फॉर्मला बहुतेक वेळा नुसता २२९ हा आकडा देतो. त्याचा अर्थ "कीबोर्ड अजून शब्द जुळवतोय, थांबा". फॉर्मला वाटतं, हे कुठलं भलतंच बटण! आणि तो अक्षर अडवतो. ज्या राज्यात लोक मोबाइलवर मराठीतून दिवसभर भांडतात, त्या राज्यातला सरकारी फॉर्म मोबाइलवरच्या मराठीला ओळखत नाही. शाबास!

तिसरं पाप, आपोआप लिप्यंतर. इंग्रजीत नाव टाका, स्पेस दाबा, मराठी तयार. ऐकायला छान. पण इंग्रजी के-ए-एल-ई म्हणजे काळे, काले, कळे की कले, हे मशीनला कसं कळणार? इंग्रजीत ळ नाहीच. ण आणि न एकच. त आणि ट एकच. म्हणजे मराठी माणसाचं मराठी नाव आधी इंग्रजीच्या चाळणीतून गाळायचं आणि जे खाली पडेल ते त्याचं नाव म्हणून छापायचं. राळेगावचं रालेगाव होतं, वाळव्याचं वालवा होतं. आणि पुन्हा आपणच चूक दाखवायला गेलो की "सिस्टीमने केलंय" हे उत्तर. सिस्टीम काय आभाळातून पडली? टेंडर काढून घेतलीये ना तुम्ही?

चौथं पाप सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोल. जुने फॉन्ट.

माझ्या वयाच्या पत्रकारांना आणि डीटीपीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. युनिकोड रुळायच्या आधी आपण कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये काम करायचो. त्यातली गंमत अशी की आत फाइलमध्ये मराठी नसतंच. कृतिदेवमध्ये "मराठी" लिहिलं, तर फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठीचा मुखवटा घालतो. मुखवटा काढला की खाली इंग्रजी कचरा. त्यात पुन्हा पहिली वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर, म्हणजे दिसण्याचा क्रम. युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे बोलण्याचा क्रम. त्यामुळे एकातून दुसऱ्यात नेताना नीट बदल करून घ्यावा लागतो, नुसता फॉन्ट बदलून भागत नाही.

त्या काळी दुसरा पर्याय नव्हता, ते ठीक होतं. त्या फॉन्टनी मराठी छपाई तगवली, हे उपकार मान्य. पण २००९ साली केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तरी आजही कित्येक ऑफिसांतून निघणारी पत्रं आणि याद्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. विश्वास नसेल तर आत्ता करून बघा. एखाद्या सरकारी यादीची पीडीएफ उघडा, त्यातलं आपलं नाव कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. मराठीत दिसलं तर नशीब. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला, तर समजून जा की त्या यादीत तुमचं नाव फक्त दिसायला आहे, शोधायला नाही. स्कॅन केलेली असेल तर कॉपीच होणार नाही, ती आणखी वाईट. आणि माहिती अधिकारात मागितलं की हेच कागद "माहिती उपलब्ध करून दिली" म्हणून हातात ठेवतात.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. कुऱ्हाडे या नावातला जो आडवा र आहे ना, तो युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर (क्रमांक २३५३) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह (क्रमांक ८२०५). डोळ्याला दोन्ही सारखेच. मशीनला दोन वेगळी नावं. तीच गोष्ट ॲडव्होकेटमधल्या ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे. म्हणजे रेशनच्या यादीत एका पद्धतीचा कुऱ्हाडे, पोर्टलवर दुसऱ्या पद्धतीचा, आणि मशीन म्हणतं "नाव जुळत नाही". माणूस दोन्ही कागद समोर ठेवून विचारतो, "साहेब, फरक काय आहे दोन्हीत?" साहेबाला पण दिसत नाही. दिसणारच नाही, कारण तो फरक डोळ्याला दिसायसाठी नाहीच. प्रोग्राममध्ये तुलना करायच्या आधी दोन्ही नावं एका पद्धतीत आणायची, बस्स. दहा-पंधरा ओळींचं काम. ते कुणी करत नाही म्हणून तो माणूस महिनाभर फिरतो.

आता काही जण म्हणतील त्याची उत्तरं आधीच देऊन ठेवतो.

"प्रोग्रामने फॉर्म भरणं नियमात बसत नाही." बरोबर आहे, आणि ते बसायलाही नको. बटणं दाबल्याचं सोंग आणून सरकारी काम करायची वेळच का यावी? ज्याच्याकडे शेकडो नावांची यादी तयार आहे, त्याला ती फाइल अपलोड करू द्या. युनिकोडमधली सीएसव्ही फाइल घ्या, चुका दाखवा, दुरुस्त करून घ्या, विषय संपला. जुगाड हे पोराचं पाप नाही, ते तुमच्या फॉर्ममधल्या भोकाचं माप आहे.

"फाइल घेतली की मराठीचा कचरा होतो." होतो, कारण सीएसव्ही फाइल सुरुवातीच्या खुणेशिवाय सेव्ह करून थेट एक्सेलमध्ये उघडली, की एक्सेल तिला जुन्या इंग्रजी पद्धतीने वाचतो आणि टोप्या घातलेली अक्षरं दाखवतो. पायथनमध्ये सेव्ह करताना "यूटीएफ-८-सिग" एवढं सांगितलं की ती खूण लागते आणि एक्सेल मराठी नीट दाखवतो. एका शब्दाचं औषध आहे. तेवढ्यासाठी भाषेला नावं ठेवायची?

"अहो, इंग्रजी सगळीकडे चालतं, मग कशाला अट्टाहास?" चालतं ना. पण तुमच्या आडनावाचा सातबारा मराठीत आहे, शाळेचा दाखला मराठीत आहे, फेरफार मराठीत आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत चालवायचं ठरवलंय. मूळ कागद मराठीत आणि पोर्टल इंग्रजीत, या दोघांच्या फटीत माणूस अडकतो. शहरातला शिकलेला माणूस यातून मार्ग काढतो. अडकतो तो कोण? ज्याला दोन्हीकडचं स्पेलिंग तपासता येत नाही तो. विधवा पेन्शनवाली म्हातारी, दिव्यांगाचा दाखला काढणारा बाप, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी पोरगी.

"हे सगळं व्हायला वेळ लागतो." लागतो का? रुपयाचं चिन्ह आठवतंय? १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ₹ हे चिन्ह मंजूर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आलंसुद्धा. पुढे विंडोजच्या भारतीय इंग्रजी कीबोर्डवर त्याला बटण मिळालं. पैशाच्या चिन्हाला तीन महिन्यांत क्रमांक मिळतो, आणि ज्या ळ ला १९९१ पासून क्रमांक आहे, त्याला आपल्याच राज्याच्या फॉर्ममध्ये जागा मिळत नाही. मग अडचण तांत्रिक आहे की इच्छाशक्तीची, हे तुम्हीच ठरवा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फटाके वाजले, पेढे वाटले, बॅनर लागले. बॅनरवरचा मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केला होता ते मी विचारत नाही. पण दर २७ फेब्रुवारीला मराठीची थोरवी गाणारे जे पाहुणे व्यासपीठावर असतात, त्यांना एक विनंती आहे. भाषणाआधी आपल्या खात्याच्या पोर्टलवर "ज्ञानेश्वर कुऱ्हाडे, राळेगाव" एवढं मराठीत टाइप करून दाखवा. स्टेजवर. प्रोजेक्टर लावून. उमटलं तर आम्ही टाळ्या वाजवू. नाही उमटलं तर भाषण आवरतं घ्या आणि तंत्रज्ञांना बोलवा.

मागण्या साध्या आहेत. भाषेच्या अस्मितेचं भाषण नको, फक्त एवढं करा:

१. नाव आणि पत्त्याच्या रकान्यात पेस्ट चालू करा.

२. कोणतं बटण दाबलं ते तपासू नका, कोणतं अक्षर आलं ते तपासा. देवनागरीचा सगळा पट्टा आणि न दिसणारी जोडचिन्हं चालू द्या.

३. नुसती स्पेस किंवा टिंब म्हणजे नाव नव्हे, एवढी अक्कल फॉर्ममध्ये घाला.

४. लिप्यंतर करायचं तर करा, पण शेवटचा शब्द अर्जदाराचा. मराठी रकाना हाताने बदलता आला पाहिजे.

५. दोन नावं जुळवायच्या आधी दोन्ही एका पद्धतीत आणा. आडवा र, ॲ, जोडचिन्हं सगळं.

६. शंभराच्या वर नोंदी असतील तर युनिकोड फाइल अपलोडची सोय द्या. ऑपरेटरची बोटं झिजवू नका.

७. पोर्टलचं काम स्वीकारताना, बिल काढायच्या आधी, मराठी नावांची चाचणी घ्या आणि चाचणीचा कागद जाहीर करा.

आपल्या तालुक्यातल्या सॉफ्टवेअर शिकणाऱ्या पोरापोरींना पण सांगणं आहे. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिन पेज आणि लायब्ररी मॅनेजमेंट पुरे झालं. जुन्या फॉन्टमधल्या याद्या युनिकोडमध्ये आणणारा, नावं जुळवून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम बनवा. गावाला उपयोग होईल आणि मुलाखतीत सांगायला काहीतरी खरं असेल.

आणि बाकी सगळ्यांना एवढंच. इथून पुढे कुणी "मराठीत एरर येतो" म्हणालं, तर मान डोलावू नका. विचारा, "कोणता एरर? स्क्रीन दाखवा. लेखी द्या." फॉर्मवर आपलं मराठी नाव बघितल्याशिवाय सबमिट करू देऊ नका. पावतीवर चुकीचं छापलं असेल, तर तिथंच, त्याच मिनिटाला दुरुस्त करून मागा. एकदा सेव्ह झालं की चूक त्यांची आणि हेलपाटे तुमचे.

ज्यांच्या नावाचं असं काही झालंय त्यांनी खाली कमेंटमध्ये फक्त दोन गोष्टी लिहा: खरं आडनाव काय, आणि पोर्टलने काय केलं. ऑफिसचं नाव, आधार नंबर, फोन नंबर काही टाकू नका. ही यादी मी निवेदनासोबत देणार आहे. मराठीत, युनिकोडमध्ये टाइप केलेली. एरर येतो का ते बघूच.